केमो पूर्ण ताकदीची की बेताची? बाबांच्या निमित्ताने

निशिगंध_०७

चार दिवस लिहू की नको करत होते. इथले जुने धागे वाचून कळलं की बऱ्याच जणांच्या घरी हे होऊन गेलंय, म्हणून लिहिते.

बाबा ७४ वर्षांचे. पाच आठवड्यांपूर्वी त्यांच्या मोठ्या आतड्याच्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली, पण रिपोर्ट तिसऱ्या स्टेजचा आला: टी३, एन१ (टी म्हणजे गाठ किती खोल गेली, एन म्हणजे किती लिम्फ नोडमध्ये पोचली). १८ लिम्फ नोड तपासले, त्यांतल्या २ मध्ये कॅन्सरच्या पेशी होत्या. स्कॅनमध्ये लिव्हर आणि फुप्फुसं स्वच्छ आहेत. बीपीची एक गोळी सोडली तर बाबांना दुसरं काही नाही. आधी रोज तासभर चालायचे, आता पुन्हा अर्ध्या तासावर आलेत.

ऑन्कॉलॉजिस्टनी तीन वाटा सांगितल्या. एक, ऑक्झॅलिप्लॅटिनचं सलाईन आणि कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, दर तीन आठवड्यांनी एक सायकल, अशा आठ सायकल, म्हणजे सहा महिने. दोन, तेच पण चार सायकल, तीन महिने. तीन, सलाईन नाही, नुसत्या गोळ्या सहा महिने. "घरी बोला आणि पुढच्या आठवड्यात सांगा," म्हणाले.

घरी बोललो आणि घराचे तीन तुकडे झाले. दादा फोनवर म्हणतो, "सगळ्यात स्ट्राँग जे असेल ते द्या, तडजोड नको." आई म्हणते, "या वयात कशाला त्यांचे हाल." मी मध्ये. बाबांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "हाताला मुंग्या येतील म्हणाले ना डॉक्टर? किती दिवस राहतात त्या?" कोणाकडेच उत्तर नव्हतं.

बाबा रिटायर झाल्यापासून जुनी मनगटी घड्याळं उघडून दुरुस्त करतात. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, समोर पांढरा रुमाल. सकाळचे तीन तास त्यातच जातात.

तर प्रश्न असा: कमी घेणं म्हणजे आजाराला मोकळीक देणं का? आणि "किती" हे ठरवतात तरी कशावरून?

सडेतोड

दादा बरोबर आहे. कॅन्सर दयामाया दाखवत नाही, आपण का दाखवायची? माझ्या पुतण्याला २६ व्या वर्षी अंडकोशाचा कॅन्सर झाला, पोटातल्या गाठींपर्यंत पोचलेला. सिस्प्लॅटिनवाली कडक केमो, चार सायकल. उलट्या, केस, तोंड आलेलं, सगळं झालं. एकदा पांढऱ्या पेशी इतक्या घसरल्या की आम्हीच डॉक्टरांना म्हणालो, जरा डोस कमी करा. त्यांनी साफ नकार दिला. पेशी वाढवायची इंजेक्शनं दिली आणि ठरलेल्या दिवशीच पुढची सायकल चढवली. आज आठ वर्षं झाली, पोरगा ठणठणीत आहे. हळवेपणा करू नका.

केतकी२१

सडेतोड, पुतण्याचं वाचून बरं वाटलं. पण सगळ्या कॅन्सरना एकच माप लावू नका.

मला ५८ व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला. दोन सेंटीमीटरच्या आतली गाठ, हार्मोन पॉझिटिव्ह (हार्मोनवर वाढणारी), काखेतले नोड स्वच्छ. सर्जननी गाठ आणि भोवतीचा थोडा भाग काढला, स्तन ठेवला. नंतर रेडिएशन. गाठीच्या तुकड्यावर २१ जीन्सची तपासणी केली, आजार परत येण्याच्या जोखमीचा स्कोअर आला १७. त्यावरून डॉक्टर म्हणाल्या की तुम्हाला केमोचा फायदा नाही, हार्मोनची (म्हणजे हार्मोन रोखणारी) गोळी पुरे. मला आनंद व्हायला हवा होता ना? मी तर रात्रभर रडले. वाटलं, मला सोडून दिलंय. नातेवाइकांनी भर घातली, "केमो नाही? मग उपचार तरी काय केले?"

डॉक्टरांनी दुसऱ्या भेटीत कागद काढून समजावलं. टेलर-एक्स नावाचा अभ्यास २०१८ मध्ये छापून आला. त्यात ११ ते २५ स्कोअरच्या साडेसहा हजारांहून जास्त बायकांपैकी काहींना केमो अधिक हार्मोन दिलं, काहींना फक्त हार्मोन. आजार परत येण्यात सरसकट फरक पडला नाही. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये स्कोअर १६ किंवा वर असेल तर थोडा फायदा दिसला, त्यामुळे तिथे वेगळा विचार करतात. माझं वय त्यात बसत नव्हतं. म्हणजे मी केमो घेतली असती तर त्रास पूर्ण आणि पदरात काही नाही.

रात्रपाळी

मी केमोच्या डे-केअरमध्ये सोळा वर्षं सिस्टर आहे. औषध निवडण्याबद्दल बोलणार नाही, ते माझं काम नाही. पण "पूर्ण डोस" म्हणजे काय हे घरच्यांना कोणी नीट सांगत नाही, ते सांगते.

डोस म्हणजे दगडावरची रेघ नाही. उंची-वजनावरून शरीराचं क्षेत्रफळ काढतात आणि त्यावरून पहिली सायकल ठरते. पुढच्या प्रत्येक सायकलच्या आधी रक्त तपासतो, किडनी-लिव्हर बघतो, वजन बघतो, आणि पेशंटला विचारतो की काय काय झालं. त्यावर डोस तोच ठेवायचा, कमी करायचा की आठवडाभर थांबायचं, हे ठरतं. त्यामुळे आज जे ठरवाल ते सहा महिने तसंच रेटावं लागेल असं समजू नका. पहिली सायकल हीच मोठी तपासणी असते.

आता मुद्द्याची गोष्ट. पेशंट खोटं बोलतात. डॉक्टरांनी विचारलं की "सगळं बरं आहे." बाहेर येऊन मला सांगतात, सिस्टर, चार दिवस बाथरूममधून उठलो नव्हतो. का? तर डोस कमी केला तर कॅन्सर परत येईल ही भीती. मुलांसमोर कमजोर दिसायचं नाही हे दुसरं. त्यामुळे होतं काय, दहा टक्के कमी करून जे निभावलं असतं, ते ॲडमिट होऊन पूर्णच बंद पडतं.

निशिगंध, बाबांची मुंग्यांची शंका अगदी रास्त आहे. ऑक्झॅलिप्लॅटिन दिल्यावर पहिले काही दिवस गार वस्तूला हात लावला की बोटांत शॉक बसल्यासारखं होतं. गार पाणी प्यायलं तर घसा आवळल्यासारखा वाटतो. हे दरवेळी येतं आणि जातं. दुसरा प्रकार साठत जाणारा. जितक्या सायकल जास्त तितका बधिरपणा जास्त, आणि गंमत म्हणजे (गंमत कसली) औषध थांबवल्यावरही दोन-तीन महिने तो वाढू शकतो. मग बहुतेकांचा हळूहळू उतरतो. काहींचा पूर्ण जात नाही.

बटण लावता येतं का, सुई ओवता येते का, हे रोज वहीत लिहायला सांगा. डॉक्टरांना "मुंग्या आहेत" एवढ्यावरून काही कळत नाही. "परवापासून शर्टाचं वरचं बटण लागत नाही" यावरून कळतं.

आणि ताप. सायकलनंतर कधीही ३८ अंश सेल्सिअस किंवा वर ताप दिसला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. त्याच रात्री दवाखान्यात जायचं.

अनुस्वार

मी याच क्षेत्रात डॉक्टर आहे. रिपोर्ट न पाहता सल्ला देत नाही, पण विचार कसा करतात ते सांगतो.

आम्ही स्वतःला पहिला प्रश्न विचारतो तो "किती" हा नसतो, "कशासाठी" हा असतो. सडेतोड यांच्या पुतण्याच्या बाबतीत आजार पसरलेला असूनही मुळासकट बरा होणारा होता. १९७० च्या दशकात सिस्प्लॅटिन आल्यापासून अंडकोशाचा कॅन्सर हे त्याचं ठळक उदाहरण आहे. तिथे वय कमी, शरीर दणकट, आणि सायकल पुढे ढकलली किंवा डोस कापला तर हातातला विजय जाऊ शकतो. त्यांच्या डॉक्टरांनी नकार दिला ते शंभर टक्के बरोबर. स्तनाच्या कॅन्सरच्या जुन्या केमोचं असंच आहे: इटलीतल्या बोनाडोना यांच्या गटाने १९९५ मध्ये २० वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा ठरलेल्या डोसच्या निदान ८५ टक्के ज्यांना मिळाला होता त्यांना सर्वांत जास्त फायदा झालेला दिसला.

निशिगंध यांच्या बाबांचं प्रकरण वेगळ्या खान्यातलं आहे. गाठ निघाली आहे. दिसणारा आजार शून्य. केमो आहे ती न दिसणाऱ्या, कदाचित असलेल्या, कदाचित नसलेल्या पेशींसाठी. ढोबळ हिशेब सांगतो. तिसऱ्या स्टेजच्या १०० जणांपैकी साधारण निम्मे नुसत्या ऑपरेशननेच बरे झालेले असतात, फक्त ते कोण हे आम्हाला ओळखता येत नाही. गोळ्या किंवा त्याच जातीचं सलाईन दिल्याने आणखी पंधरा-वीस वाचतात. त्यात ऑक्झॅलिप्लॅटिन घातल्यावर आणखी चार-पाच. सत्तरीच्या पुढे हे शेवटचे चार-पाच मिळतात की नाही, हे मोठ्या अभ्यासांतून स्पष्ट दिसलेलं नाही. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी तिसरी वाटही सांगितली.

आता तीन महिने की सहा. यावर सहा अभ्यास एकत्र करून १२,८३४ रुग्णांचा हिशेब २०१८ मध्ये आला, त्याला आयडिया म्हणतात. तीन वर्षांनी आजाराशिवाय असलेले: तीन महिनेवाले ७४.६ टक्के, सहा महिनेवाले ७५.५ टक्के. टी१ ते टी३ आणि एन१ या कमी जोखमीच्या गटात तर ८३.१ आणि ८३.३, म्हणजे दोन्ही सारखेच. याच गटात सलाईन आणि कॅपेसिटाबिनच्या गोळ्या ही जोडी असेल तर तीन महिने कुठेच कमी पडले नाहीत. टी४ किंवा एन२ असतं तर मी इतक्या सहज बोललो नसतो, तिथे सहा महिन्यांचा विचार होतो.

त्रासात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. रोजच्या कामात अडथळा आणणारा बधिरपणा सहा महिनेवाल्यांत निम्म्याच्या आसपास, तीन महिनेवाल्यांत सहा-सात जणांत एकाला.

दोन गोष्टी डॉक्टरांना विचारा. गाठीचा एमएमआर (पेशीतल्या डीएनएच्या चुका दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेचा) रिपोर्ट आलाय का? त्यात दोष असेल तर नुसत्या गोळ्यांचा उपयोग फारसा होत नाही, मग तिसरी वाट बाद. आणि गोळ्या सुरू करण्याआधी डीपीडी या एन्झाइमची तपासणी. ते जन्मतः कमी असलेल्यांना कॅपेसिटाबिन नेहमीच्या डोसमध्येही जिवावर बेतू शकतं. युरोपच्या औषध नियामकांनी २०२० पासून ही तपासणी आधी करावी असं सुचवलं आहे.

सडेतोड

आकडे ठीक. पण ७५.५ आणि ७४.६ मध्ये जवळपास एक टक्का आहे. तो एक टक्का माझा बाप असेल तर?

आणि आज जे उपचार आहेत ते कोणीतरी जास्त देण्याचं धाडस केलं म्हणूनच आले ना?

अनुस्वार

पहिला प्रश्न योग्य आहे आणि रोज कोणीतरी विचारतो. तो एक टक्का सगळ्यांना मिळून आहे, त्यात टी४ आणि एन२ वालेही आले. बाबांच्या गटात तो जवळपास नाहीसा होतो. पण समजा आहे. तरी तराजूच्या दुसऱ्या पारड्यातही एक माणूस बसलेला असतो. सहा महिने घेऊन ज्याच्या पायाची जाणीव कायमची गेली, जो रात्री पडला आणि ज्याचं खुब्याचं हाड मोडलं, तोही कोणाचा तरी बापच. आपण त्याला उपचाराच्या हिशेबात धरत नाही, "नशीब" म्हणून सोडून देतो.

धाडसाबद्दल: धाडसाने बालपणीचा ल्युकेमिया बरा होऊ लागला हे खरं. पण त्याच धाडसाची दुसरी गोष्टही ऐका. १९९० च्या दशकात पसरलेल्या किंवा जास्त जोखमीच्या स्तनाच्या कॅन्सरसाठी प्रचंड डोसची केमो देऊन नंतर स्वतःच्याच मूळपेशी परत चढवायची पद्धत फोफावली. तर्क बिनतोड वाटत होता: थोडी केमो चांगली, तर पाचपट केमो किती चांगली. हजारो बायकांनी ती घेतली. १९९९ मध्ये अभ्यासांचे निकाल यायला लागले आणि फायदा दिसला नाही. एकच अभ्यास फायदा दाखवत होता, दक्षिण आफ्रिकेतल्या बेझवोडा यांचा. २००० मध्ये तपासनीस तिथे जाऊन आले, तेव्हा त्यातली माहिती बनावट निघाली.

ऑपरेशनचं तेच. स्तनासोबत छातीचे स्नायूही काढायची हाल्स्टेड पद्धत जवळपास ७०-८० वर्षं चालली. बर्नार्ड फिशर यांनी १,८५१ बायकांचा अभ्यास केला. फक्त गाठ काढून रेडिएशन देणं आणि अख्खा स्तन काढणं, जगण्यात फरक नाही. २० वर्षांचे आकडे २००२ मध्ये आले. केतकीताईंचा स्तन राहिला तो या माणसाच्या हट्टामुळे.

पण उलट बाजूनेही फसायला होतं, म्हणून हेही लिहितो. एचपीव्ही विषाणूमुळे होणारा घशाचा कॅन्सर चांगला बरा होतो. सगळ्यांना वाटलं, इथे सिस्प्लॅटिनऐवजी सौम्य समजलं जाणारं सेटुक्सिमॅब देऊ. २०१८ च्या सुमारास दोन मोठे अभ्यास आले आणि सौम्य औषधवाले रुग्ण जास्त संख्येने दगावले. त्रासही फारसा कमी झाला नाही. कमी देणंही आधी सिद्ध करावं लागतं.

केतकी२१

+१. शेवटचा परिच्छेद फार महत्त्वाचा. लोक माझं उदाहरण सांगून केमो टाळायला बघतात, मी त्यांना हेच सांगते की माझा स्कोअर १७ होता, तुमचा किती?

भटकभवानी

अवांतर: ७४ हे वय केमोसाठी फार नाही का? आमच्या ओळखीत ७० नंतर कोणीच देत नाहीत.

अनुस्वार

जन्मतारखेवरून ठरवत नाही, निदान ठरवू नये. माणूस दिवसभरात काय करू शकतो ते बघतात. ईकॉग नावाची ० ते ५ अशी मोजपट्टी आहे: ० म्हणजे पूर्वीसारखा धडधाकट, २ म्हणजे स्वतःचं सगळं करतो पण कामधंदा जमत नाही, ४ म्हणजे अंथरुणाला खिळलेला, ५ म्हणजे मृत्यू. रोज अर्धा तास चालणारे बाबा ० किंवा १ असतील. मी ५५ वर्षांचे ३ वाले पाहतो आणि ८० चे १ वाले पाहतो.

त्याच्या पुढे जाऊन वयस्कांची सविस्तर तपासणी करतात: गेल्या सहा महिन्यांत पडला का, वजन उतरलं का, औषधं किती चालू, स्मरणशक्ती कशी, घरी कोण आहे. २०२१ मध्ये सत्तरीपुढच्या ७१८ रुग्णांवर एक अभ्यास आला. ज्यांच्या डॉक्टरांना ही माहिती हातात दिली गेली त्यांच्यात गंभीर दुष्परिणाम ५१ टक्के, ज्यांच्या दिली गेली नाही त्यांच्यात ७१ टक्के. जगण्यात तोटा नाही. डॉक्टरांनी पहिल्याच सायकलला हात जरा आखडता घेतला, एवढंच.

त्याच वर्षी अशक्त वयस्कांच्या जठर-अन्ननलिकेच्या पसरलेल्या कॅन्सरवर ५१४ जणांचा अभ्यास आला. पूर्ण डोस, ८० टक्के आणि ६० टक्के अशी तुलना. ६० टक्केवाल्यांचा आजार तितकाच आटोक्यात राहिला आणि एकंदर अनुभव त्यांचाच सर्वांत बरा होता. पण लक्षात घ्या, तिथे हेतू आजार आवरण्याचा होता, मुळासकट काढण्याचा नव्हता.

जुना_सभासद

लिहावं की नाही कळत नाही. धागा आशेचा आहे आणि माझी गोष्ट तशी नाही.

माझ्या पत्नीला फुप्फुसाचा कॅन्सर होता, कळला तेव्हाच चौथी स्टेज. पहिली केमो लागू पडली, आठ महिने बरे गेले. मग दुसरी, ती लागू पडली नाही. तोवर ती दिवसाचा बहुतेक वेळ पडून असायची. डॉक्टर म्हणाले, तिसरं औषध आहे, बघायचं का? मी म्हणालो, बघू. तिला कोणी विचारलं नाही. मीही नाही. तिने मान हलवली, कारण माझ्या तोंडाकडे बघून ती कायम मान हलवायची. शेवटचे बावीस दिवस दवाखान्यात गेले, त्यातले नऊ आयसीयूत. हाताला शीर सापडेना म्हणून मानेतून लाईन टाकली. ती बोलू शकत नव्हती तेव्हा तिच्या बोटाने माझ्या तळहातावर "घर" असं लिहायची. मला ते "घाबर" वाटायचं. मी म्हणायचो, घाबरू नको.

नंतर मी बरंच वाचलं. २०१० साली १५१ रुग्णांवर अभ्यास झाला होता, याच आजाराच्या. ज्यांना निदान झाल्या झाल्या पॅलिएटिव्ह केअरची (त्रास कमी करण्यावर भर देणारी) टीम सोबत दिली, त्यांची जीवनमानाची पातळी चांगली राहिली. त्यांनी शेवटी कडक उपचार कमी घेतले आणि तरी त्यांतले निम्मे ११.६ महिन्यांहून जास्त जगले, नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत हाच आकडा ८.९. मला वाटायचं पॅलिएटिव्ह म्हणजे हात टेकणं. आम्हाला ते कोणी सुचवलं तेव्हा मी रागावून उठून आलो होतो.

निशिगंध, तुमचं प्रकरण निराळं आहे, बाबा बरे होतील. फक्त एक करा. तुम्ही आणि दादा भांडताय. बाबांनी मुंग्या किती दिवस राहतात हे विचारलं, म्हणजे त्यांचा विचार चालू आहे. त्यांना एकट्यांना बसवून विचारा आणि त्यांच्या तोंडाकडे न बघता ऐका. निदान त्यांना तुमच्या तोंडाकडे बघू देऊ नका.

सडेतोड

काका, नमस्कार. मी वर जे "हळवेपणा" लिहिलं ते मागे घेतो.

भटकभवानी

_/\_

रात्रपाळी

काका, तळहातावर लिहिलेलं आम्हालाही वाचता येत नाही कधी कधी.

मोठा_७९

मी धागाकर्तीचा दादा. तिने लिंक पाठवली नाही, मीच "ऑक्झॅलिप्लॅटिन तीन महिने" शोधताना इथे पोचलो. घड्याळं आणि पांढरा रुमाल वाचून ओळखलं.

मी लांब राहतो. ऑपरेशनच्या वेळी चार दिवस येऊन गेलो. बाबांचं पथ्यपाण्यापासून ड्रेसिंगपर्यंत सगळं बहीण आणि आई बघतात. मी फोनवर "स्ट्राँग द्या" म्हणतो कारण मला फोनवरून तेवढंच करता येतं. हे लिहिताना कळतंय.

अनुस्वार, तुम्ही म्हणालात टी३ एन१ मध्ये दोन्ही सारखे. मी मूळ आकडे काढून पाहिले, तुमचं बरोबर आहे. माझा एकच प्रश्न: तीन महिन्यांनंतर बाबा ठणठणीत असतील तर पुढे वाढवता येतात का? की एकदा ठरलं की ठरलं?

अनुस्वार

वाढवता येतात, नियम आड येत नाही. पण चौथ्या सायकलनंतर ठणठणीत आहेत म्हणून पाचवी देणं, याला आधार लागतो आणि बाबांच्या गटात तो नाही. "सोसतंय म्हणून देऊ" हे कारण आमच्याही तोंडून निघतं, आणि ते चुकीचं आहे. उलट करता येतं: दुसऱ्या-तिसऱ्या सायकलला बोटं फार बधिर झाली तर ऑक्झॅलिप्लॅटिन कमी किंवा बंद करून गोळ्या चालू ठेवायच्या. ही पायरी आत्ताच डॉक्टरांशी बोलून ठेवा, म्हणजे तेव्हा भांडण होणार नाही.

तुमच्यासारख्यांना वाईट वाटू नये म्हणून सांगतो. लांबून येऊन "सगळं करा" म्हणणाऱ्या नातेवाइकाचं वर्णन वैद्यकीय नियतकालिकात १९९१ मध्ये छापून आलंय, "कॅलिफोर्नियातली मुलगी" या नावाने. कॅलिफोर्नियातले डॉक्टर म्हणे तिला न्यूयॉर्कची मुलगी म्हणतात. हलके घ्या.

निशिगंध_०७

दादा!! मी इथे तुझ्याबद्दल एवढंच लिहिलं हे नशीब समज. रात्री फोन करते.

*(चार महिन्यांनंतर)*

निशिगंध_०७

धागा वर काढते आहे, कारण दोघा-तिघांनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं.

जुना_सभासद काकांनी सांगितलं तसं केलं. दादाही फोनवर गप्प बसला, हे त्याला फार जड गेलं. बाबा म्हणाले, "मला बरं व्हायचंय, आणि बरं होऊन काय करायचं ते माझ्या टेबलावर पडलंय. तीन महिने." एमएमआर रिपोर्ट ठीक होता, डीपीडी तपासून घेतलं, तेही ठीक निघालं. सलाईन आणि गोळ्या, चार सायकल.

रात्रपाळी सिस्टर, तुमच्या वहीचं बाबांनी स्वतःचं केलं. बटण म्हणे फार सोपं. त्यांनी एका जुन्या घड्याळाचा सगळ्यात बारीक स्क्रू बाजूला काढला. रोज सकाळी चिमट्याने तो रुमालावरून उचलायचा, जागेवर बसवायचा, दीड आटे फिरवायचा आणि किती सेकंद लागले ते वहीत लिहायचं. केमोच्या आधी २२ सेकंद. पहिल्या सायकलनंतर सलग पाच दिवस "चिमटा गार, शॉक" असं लिहिलंय. मग आईने चिमटा कोमट पाण्यात बुडवून द्यायला सुरुवात केली. दुसऱ्या सायकलनंतर ३१. तिसरीच्या आधी ४७, आणि खाली लिहिलेलं, "दोनदा पडला."

ती वही डॉक्टरांसमोर ठेवली. त्यांनी पूर्ण वाचली. तिसऱ्या आणि चौथ्या सायकलला ऑक्झॅलिप्लॅटिनचा डोस खाली आणला, गोळ्या तशाच ठेवल्या. दादाने फक्त विचारलं, "किती खाली?" आणि ऐकून "ठीक" म्हणाला.

एकदा ताप आला, ३८.२. रात्री साडेअकराला घेऊन गेलो. पेशी कमी होत्या, तीन दिवस ॲडमिट. सिस्टर, तुमचं वाक्य आठवलं नसतं तर मी सकाळपर्यंत थांबले असते.

केमो संपून सहा आठवडे झाले. आता दर तीन महिन्यांनी सीईएची (आजार परत येतोय का याचा अंदाज देणारी) रक्ततपासणी, मधूनमधून स्कॅन.

रात्रपाळी

फार बरं वाटलं वाचून. बोटं कशी आहेत आता? संपल्यावर वाढतं म्हणाले होते मी.

निशिगंध_०७

वाढलं ना. मधे ७४ पर्यंत गेलं. बाबा म्हणाले, वयाएवढं झालं. त्या आठवड्यात कोणी टेबलाजवळ जात नव्हतं.

काल ५८.